एक्झॉस्टच्या बोल्टांतून झिरपणारे पाणी

मोटारीच्या इंजिनातून पाणी कोठे कोठे गळू शकते, असा प्रश्न एखाद्या जाणत्या मेकॅनिकला केला, तर रेडिएटर, रबरी नळ्या, पाण्याचा पंप, हेडखालचे पॅकिंग आणि ब्लॉकमधील वेल्श प्लग ही नावे तो एका दमात सांगून टाकील. परंतु जेथे केवळ आग आणि धूर यांचाच अंमल चालतो अशी आपली सर्वसाधारण समजूत असते, त्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बोल्टांचे नाव या यादीत क्वचितच येईल. तथापि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात रस्त्यावर आलेल्या कित्येक नामांकित इंजिनांमध्ये हे बोल्ट, किंवा त्यांपैकी काही, थेट हेडमधील पाण्याच्या पोकळीत उतरलेले असतात. आणि पंचवीस-तीस वर्षे न हललेला असा एखादा बोल्ट गॅस्केट बदलण्याच्या किंवा सायलेन्सर दुरुस्त करण्याच्या निमित्ताने एकदा सैल केला की, तेथून जी बारीक पण चिवट गळती सुरू होते ती बंद करताना अनुभवी कारागिरांचीही परीक्षा होते. या गळतीची कारणे, तिची ओळख आणि तिच्यावर प्रचलित असलेले इलाज यांचा एकत्र विचार करून कोणत्या इलाजावर किती भिस्त ठेवावी हे ठरविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धुराच्या वाटेपाशी पाणी आणावेच का, ही शंका प्रथम दूर केली पाहिजे. जळलेला वायू सिलिंडरातून बाहेर पडतो ती वाट हा हेडमधील सर्वांत तप्त भाग होय. आणि म्हणूनच तिच्या सभोवती पाण्याचे जास्तीत जास्त अभिसरण घडवून आणणे हे रचनाकाराचे पहिले कर्तव्य ठरते. बिडाच्या ओतकामात ही पोकळी वाळूच्या गाभ्यांनी घडविली जाते, आणि पाणी व बाहेरची हवा यांच्यामध्ये उरणारी भिंत काही थोड्या मिलिमीटरांचीच असते. अशा पातळ भिंतीत बोल्टाला पुरेशी पकड मिळेल इतके आटे पाडावयाचे तर दोनच मार्ग संभवतात : एक तर त्या जागी धातूचा जाड उंचवटा ठेवून भोक आतून बंद राखावयाचे, किंवा भोक आरपार नेऊन पाण्यात उघडावयाचे आणि आट्यांना सीलंट लावून पाणी अडवावयाचे. पहिल्या मार्गात धातू अधिक लागतो आणि नेमक्या तापणाऱ्या जागीच पाण्याला अडथळा होतो. दुसऱ्यात कारखान्यातील जुळणीच्या वेळी सीलंटचा एक हात फिरविला की काम भागते. पुष्कळ रचनाकारांनी जो दुसरा मार्ग पत्करला तो या हिशेबाने पत्करला, आणि नव्या इंजिनापुरता हा हिशेब चूक होता असे म्हणता येणार नाही. पुढे गंजलेला बोल्ट कोणी तरी काढील, आणि काढणाऱ्याला त्यामागे पाणी आहे याची वार्ताही नसेल, ही शक्यता मात्र त्या हिशेबात धरलेली नव्हती.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे क्रायस्लर कंपनीची एलए या नावाने ओळखली जाणारी व्ही-आठ इंजिने होत. १९६४ साली २७३ घनइंचांच्या इंजिनाने या घराण्याची सुरुवात झाली, आणि ३१८, ३४० व ३६० घनइंचांची भावंडे पुढे डॉज आणि प्लिमथ मोटारींत व मालवाहू गाड्यांत सुमारे तीन दशके नांदली. या इंजिनांचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काही ठिकाणी बोल्टांनी आणि दोन्ही टोकांना स्टडांनी धरलेला असतो, आणि टोकाच्या या स्टडांची भोके पाण्यात उघडतात. नट सोडविताना स्टडच बाहेर आला, तर जाड आट्यांच्या टोकाला सीलंट लावून नवा स्टड बसवावा, अन्यथा तेथून पाणी गळू लागेल, अशी स्पष्ट ताकीद कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतच दिलेली आहे. म्हणजे हा दोष पुढे कोणी शोधून काढलेला नसून रचनाकारांना तो प्रथमपासून ठाऊक होता. इंग्लंडात १९४८ साली एक्सके १२० या मोटारीबरोबर प्रकट झालेल्या जॅग्वारच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनातही एक्झॉस्टचे काही स्टड पाण्याला जाऊन मिळतात, आणि तेथे हेड ॲल्युमिनियमचे असल्याने पोलादी स्टड व ॲल्युमिनियम या दोन विजातीय धातूंमधील विद्युत-रासायनिक झीज ही एक नवी भानगड उपस्थित होते.

एक्झॉस्टपुरताच हा प्रकार मर्यादित आहे असेही नव्हे. १९५५ पासून चालत आलेल्या शेव्हरोले कंपनीच्या छोट्या व्ही-आठ इंजिनात हेडचे बोल्ट ब्लॉकमधील पाण्यात उतरतात, आणि प्रत्येकाच्या आट्यांना सीलंट लावणे हा तेथील जुळणीचा अनुल्लंघनीय नियम आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर घराण्याच्या ज्या डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळविल्या, त्यांच्या सपाट हेडाच्या सहा सिलिंडरी इंजिनातही हेडचे बोल्ट पाण्यातच संपतात. तेव्हा महाराष्ट्रात त्या काळची एखादी गाडी जतन करणाऱ्या शौकिनाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. बोल्ट हेडचा असो की एक्झॉस्टचा, पाण्यात उघडणाऱ्या आट्यांचा न्याय एकच.

आता हे पाणी बाहेर कसे येते ते पाहू. बोल्ट कितीही आवळला तरी त्याचे आटे भोकाच्या आट्यांना सर्व बाजूंनी भिडत नाहीत. ताण एकाच अंगावर येतो, आणि आट्यांचे माथे व तळ यांच्यामध्ये एक अत्यंत सूक्ष्म पण अखंड अशी नागमोडी वाट पोकळीपासून पृष्ठभागापर्यंत मोकळीच राहते. पाणी या वाटेने वर चढते, बोल्टाच्या दांड्याभोवती मॅनिफोल्डमध्ये जी मोकळीक ठेवलेली असते तेथे पोहोचते, आणि मग डोक्याखालून किंवा मॅनिफोल्ड व हेड यांच्या सांध्यातून बाहेर पडते. बोल्टाच्या डोक्याखाली तांब्याचे वायसर घालण्याचा प्रकार व्यर्थ ठरतो तो यामुळेच : वरचे दार बंद केले तरी पाण्याला सांध्याची बाजू मोकळीच असते. यात प्रेशर कॅपची भर पडते. या काळातील पुष्कळ मोटारींत ती दर चौरस इंचास सुमारे पंधरा पौंडांचा दाब राखते. त्या दाबाखाली निव्वळ पाणी १२० अंश सेल्सियसच्या आसपास, आणि निम्मे पाणी व निम्मे इथिलिन ग्लायकॉल यांचे मिश्रण १२९ अंशांच्या सुमारास उकळते. इंजिनाचे संरक्षण करणारा हाच दाब आट्यांतील प्रत्येक फटीचा अहर्निश शोध घेत राहतो.

उष्णतेने होणारे प्रसरण हे दुसरे कारण. अर्धा मीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड थंड अवस्थेपासून ४५० अंशांनी तापला, तर तो सुमारे अडीच मिलिमीटर लांबतो. त्याच वेळी पाण्याने थंड राखलेले हेड ७० अंशांनी तापून ०.४ मिलिमीटरच लांबते. ही दोन मिलिमीटरांची तफावत बोल्टांच्याच माथी येते, आणि ती टोकाच्या बोल्टांवर सर्वांत अधिक असते. म्हणूनच टोकाची भोके सैल ठेवलेली असतात आणि तेथे विशिष्ट आकाराची वायसरे योजलेली असतात. मॅनिफोल्डने किंचित सरकावे, पण सुटू नये, अशी ती तजवीज असते. अविचाराने आवळलेला किंवा मूळ वायसर हरवून बसविलेला बोल्ट हे सरकणे स्वतःच्या अंगावर घेतो, वाकतो, त्याच्याभोवतीचे सीलंट भंगते, आणि शेवटी तो तुटतो. तिसरे कारण गंज. पाण्यात बुडालेले टोक, विशेषतः कूलंटातील गंजरोधक द्रव्यांची शक्ती संपून ते आम्लधर्मी झाल्यावर, आतून खाल्ले जाते. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या बोल्टाचे आतील आटे पुष्कळदा नाममात्रच उरलेले असतात.

निदानाच्या बाबतीत घाई करण्यासारखी दुसरी चूक नाही. बोल्टाच्या डोक्याभोवती साचलेला पांढरा किंवा हिरवट थर, तेथून खाली गेलेली तांबूस गंजाची रेघ, इंजिन तापताना येणारा ग्लायकॉलचा गोडसर वास आणि मॅनिफोल्डवरून उठणारी वाफ ही या गळतीची लक्षणे आहेत. परंतु पाणी उतारावरून वाहते, आणि वरच्या इनटेकच्या सांध्यातून, हीटरच्या नळीतून किंवा हेड गॅस्केटच्या कडेतून निघालेला थेंबही त्याच बोल्टावर येऊन टपकू शकतो. यासाठी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या तोंडावर हातपंपाचे दाबमापक बसवावे, कॅपवर लिहिलेल्या दाबापलीकडे न जाता तेवढा दाब भरावा, आणि कोरड्या पुसलेल्या बोल्टांकडे टॉर्चच्या उजेडात काही काळ पाहत राहावे. कूलंटात चमकणारा रंग घालून अतिनील दिव्याखाली माग काढण्याची पद्धतही विश्वसनीय आहे. पाणी आट्यांतून येत आहे की बोल्टाशेजारच्या बिडाला गेलेल्या केसासारख्या तड्यातून, हा यातील निर्णायक प्रश्न. कारण पहिल्याचा इलाज सीलंट आहे आणि दुसऱ्याचा मुळीच नाही.

इलाजांकडे वळताना सर्वांत सोपा म्हणून सर्वांत आधी आठवणारा उपाय म्हणजे बोल्ट थोडा आणखी आवळणे. वर सांगितलेली नागमोडी वाट आवळण्याने बंद होत नाही, आणि गंजून बारीक झालेल्या बोल्टावर पान्याचा जोर लावला की तो हेडच्या पृष्ठभागाशी तुटून बसतो. म्हणजे थेंबाथेंबाच्या गळतीच्या जागी हेड उतरविण्याचा प्रसंग ओढवतो. हा उपाय निखालस त्याज्य समजावा.

दुसरा वर्ग रेडिएटरमध्ये ओतावयाच्या औषधांचा. यांत काही द्रव सोडियम सिलिकेटवर आधारलेली असतात, तर काही वनस्पतिजन्य तंतूंच्या किंवा भुकटीच्या गोळ्यांच्या रूपात मिळतात. आपल्याकडे रेडिएटर गळू लागला की ड्रायव्हरमंडळी त्यात हळद टाकून गाव गाठीत असत, त्या युक्तीचे तत्त्वही तेच : पाण्याबरोबर वाहणारा बारीक कण फटीपाशी अडकतो आणि तेथे फुगून किंवा सुकून बसतो. हा उपाय अगदीच निंद्य नव्हे. काही मोटार-उत्पादकांनी स्वतःच्या ॲल्युमिनियम इंजिनांसाठी अशा गोळ्यांची शिफारस केलेली आहे. परंतु गळतीची फट आणि रेडिएटरची बारीक नळी यांतील भेद औषधाला कळत नाही, आणि जुन्या गाडीतील आधीच गाळाने अरुंद झालेल्या नळ्या व हीटरचा गाभा या औषधाने तुंबल्याचे प्रकार पुष्कळ घडतात. घरापासून दूर असताना मुक्कामी पोहोचण्यापुरती ही सोय ठीक. कायमचा बंदोबस्त म्हणून नव्हे.

खरा इलाज बोल्ट काढून, भोक साफ करून, सीलंटासह पुन्हा बसविणे हाच होय, आणि त्यातील अवघड भाग पहिला आहे. काम सुरू करण्यापूर्वी कूलंट केवळ रेडिएटरमधून काढून भागत नाही; ब्लॉकच्या बाजूचे प्लगही उघडावे लागतात, कारण भोकांच्या पातळीवर पाणी शिल्लक असेल तर ते साफ केलेल्या आट्यांना सतत ओले करीत राहील. जखडलेल्या बोल्टावर आत शिरणारे तेल आदल्या दिवसापासून पुन्हा पुन्हा सोडावे. बोल्ट सुटू लागला तरी तो एकाच दिशेने ओढून न काढता थोडा सोडून थोडा परत फिरवीत काढावा, म्हणजे गंजाचा चुरा आट्यांत घट्ट बसत नाही. इतके करूनही तुटलाच, तर बाहेर उरलेल्या तुकड्यावर नट ठेवून तो आतून वेल्ड करणे हा मार्ग उत्तम. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकडही सैल होते. ठिसूळ पोलादाचा एक्स्ट्रॅक्टर भोकात मोडला तर तो ड्रिलला दाद देत नाही, म्हणून त्याचा प्रयोग शेवटी आणि सावधपणे करावा.

बोल्ट निघाल्यावर प्रत्येक भोकात बारीक तार घालून ते आरपार आहे की आतून बंद, याची नोंद कागदावर करून ठेवावी. आट्यांतील जुने सीलंट आणि गंज काढण्यासाठी नवे आटे कापणारा टॅप न मारता आटे साफ करणारा टॅप वापरावा, कारण कापणारा टॅप झिजलेल्या आट्यांतील उरलासुरला धातूही खरवडून घेतो आणि फट वाढवितो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरल्यास चुरा पाण्याच्या पोकळीत न पडता ग्रीसला चिकटून बाहेर येतो. त्यानंतर ब्रेक क्लीनर किंवा ॲसिटोनने आटे धुऊन ते पूर्ण वाळू द्यावेत. सीलंट नापास झाल्याच्या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांचे मूळ बहुतेक वेळा सीलंटच्या बाटलीत नसून या धुण्या-वाळविण्यातील आळसात असते.

कोणते सीलंट लावावे, या विषयावर वर्कशॉपांत जितकी मते ऐकू येतात तितकी क्वचितच दुसऱ्या विषयावर येत असतील. एका पक्षाचा आग्रह असतो की जागा एक्झॉस्टची म्हणून तीनशे अंश सोसणारे सिलिकोनच हवे. दुसरा टेफ्लॉनयुक्त पेस्टचा पुरस्कार करतो. तिसरा हवा बंद झाल्यावर घट्ट होणाऱ्या अनएरोबिक द्रवाचा. आणि जुने कारागीर न वाळणाऱ्या तपकिरी गॅस्केट सीलंटवर श्रद्धा ठेवून असतात. या वादात एक मुद्दा सहसा सुटतो. बोल्टाचे डोके मॅनिफोल्डला टेकलेले असल्याने ते अत्यंत तापते खरे, परंतु त्याचे आतले टोक पाण्यात असते, आणि ज्या आट्यांत सीलंटने काम करावयाचे त्यांचे तापमान मुख्यतः कूलंटच्या तापमानाने ठरते. म्हणून सीलंट आट्यांच्या आतील, पाण्याकडच्या भागात नीट बसणे हे त्याच्या कमाल उष्णतासहिष्णुतेपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. दोनशे अंशांच्या आसपास टिकणारी टेफ्लॉन पेस्ट या कामाला पुरी पडते, आणि पुढे बोल्ट काढण्याची वेळ आली तर ती आडवी येत नाही, हा तिचा विशेष गुण. अनएरोबिक द्रव उत्तम धरतो, पण त्याला निर्मळ, तेलविरहित धातू आणि पाणी भरण्यापूर्वी पुरेसा वेळ लागतो. सिलिकोन आट्यांतून बाहेर ढकलले जाण्याची आणि त्याचे तुकडे पाण्यात सुटण्याची भीती असते. टेफ्लॉनची पट्टी बोल्ट फिरताना फाटते, म्हणून ती नळाच्या कामालाच ठीक. बोल्ट पुढे सहज निघावा म्हणून लावतात ते अँटीसीझ हे सीलंट नव्हे. दोहोंची गल्लत करणाऱ्यांची गळती पहिल्याच दिवशी परत येते. शिवाय ओले सीलंट वंगणाचे काम करीत असल्याने पुस्तिकेत कोरड्या आट्यांसाठी सांगितलेला टॉर्क जसाच्या तसा लावल्यास बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो, हेही ध्यानी ठेवावे.

सीलंटच्या वादापेक्षा अधिक मोलाचा प्रश्न बोल्ट की स्टड हा आहे, आणि त्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. मॅनिफोल्ड काढताना बोल्ट प्रत्येक वेळी आट्यांत फिरतो, म्हणजे सीलही प्रत्येक वेळी तुटते. पहिल्या काही तापण्या-थंडावण्यानंतर तो पुन्हा आवळावा लागला तरीही तेच घडते. स्टड मात्र सीलंटासह एकदा हेडमध्ये बसला की तेथेच राहतो. उघड-मीट होते ती बाहेरच्या नटाची, आणि पाण्याचा तिच्याशी संबंध उरत नाही. वर उल्लेखिलेल्या क्रायस्लर इंजिनांच्या मालकांना जी गळती भोगावी लागते, तिच्यातील मोठा वाटा मूळ बिडाचा मॅनिफोल्ड काढून पोलादी नळ्यांचे हेडर बसविताना टोकाचे स्टड फेकून त्यांच्या जागी सरसकट बोल्ट घालण्याच्या प्रथेचा आहे. स्टड बसविताना तो दोन नट एकमेकांवर जखडून हलक्या हाताने फिरवावा, भोकाच्या शेवटी नेऊन दाबू नये, आणि बाहेरच्या टोकाला अँटीसीझ लावून शक्य तेथे पितळी नट वापरावा. इंग्रजी मोटारींत ही पितळी नटांची चाल पूर्वापार आहे, कारण पितळ पोलादाला गंजून चिकटत नाही.

भोकातील आटेच गेले असतील तर तारेच्या वेटोळ्याचा इन्सर्ट बसविण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे; परंतु तो इन्सर्ट स्वतः पाणी अडवीत नाही, उलट त्याच्या आतून व बाहेरून अशा दोन नागमोडी वाटा निर्माण होतात. पाण्यात उघडणाऱ्या भोकासाठी भरीव भिंतीचा, बाहेरच्या आट्यांना सीलंट लावलेला इन्सर्ट अधिक योग्य. तडा बोल्टाच्या भोकातून निघाला असेल, तर बिडाचे हेड तापवून वेल्ड करणे, धातूच्या खिळ्यांनी तडा शिवणे किंवा दुसरे हेड मिळविणे हेच मार्ग उरतात, आणि ते रस्त्याकडेच्या गॅरेजचे काम नव्हे.

काम संपल्यावर सीलंटला ठरलेला वेळ देऊन मगच नवे कूलंट भरावे, थंड अवस्थेत पुन्हा दाबाची परीक्षा घ्यावी, आणि इंजिन तापवून थंड झाल्यावर ती आणखी एकदा घ्यावी. ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट यांचे मिश्रण ठरलेल्या मुदतीत बदलणे हा स्टडांना आतून खाणाऱ्या गंजावरचा एकमेव प्रतिबंध आहे. नळाचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे भरीत राहणाऱ्याने वरील सर्व खटाटोप पुन्हा करण्याची तयारी ठेवावी. काढलेले कूलंट गोड पण विषारी असते, तेव्हा ते कुत्र्या-मांजरांच्या वाटेत उघडे ठेवू नये; आणि गळणाऱ्या कूलंटातील पाणी उडून गेल्यावर मागे उरलेले ग्लायकॉल तापल्या मॅनिफोल्डवर पेट घेऊ शकते, म्हणून गळती बारीक आहे एवढ्यावरून ती चालवून घेऊ नये.

सर्व बाजू पाहता निर्णय असा की, ही गळती थांबते ती सीलंटच्या नावाने नव्हे, तर आरपार भोक वेळीच ओळखण्याने, कोरड्या व स्वच्छ आट्यांनी आणि जागेवरून न हलणाऱ्या स्टडाने. जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी मॅनिफोल्डला पाना लावण्यापूर्वी आपल्या इंजिनाची पुस्तिका उघडून पाण्यात उतरणारे बोल्ट कोणते ते आधी पाहून घ्यावे, बाटली निवडण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या दुप्पट वेळ भोक साफ करण्यास द्यावा, आणि जेथे स्टड होता तेथे स्टडच बसवावा. एवढे पथ्य पाळले तर हा मामला सहसा पुन्हा उघडावा लागत नाही.